७५ रुपयांची नोकरी

मुंबईतल्या एका नावाजलेल्या हायस्कूलची पेपरात जाहिरात आली होती. इंग्रजी शिकवायला मास्तर पाहिजे, रोज एक तास, पगार महिना ७५ रुपये. साल साधारण १८९२. एका उमेदवाराने अर्ज टाकला. वय २२, राहणार गिरगाव, बायको-मुलगा गावी. शिक्षण लंडनची मॅट्रिक, दुसरी भाषा लॅटिन, शिवाय इनर टेंपलचा बॅरिस्टर. सध्याचा उद्योग: हायकोर्टात बसून पेंगणे. (हे शेवटचं अर्जात नव्हतं, पण पुढे त्यानेच लिहून ठेवलंय.)

मुलाखतीचं बोलावणं आलं. स्वारी मोठ्या उत्साहात गेली. प्राचार्यांना कळलं की गडी पदवीधर नाही, आणि त्यांनी खेदपूर्वक नकार दिला. उमेदवाराने लॅटिनसकट लंडन मॅट्रिकचा दाखला देऊन पाहिला. प्राचार्यांचं म्हणणं एवढंच की आम्हाला ग्रॅज्युएट पाहिजे. झाली मुलाखत.

उमेदवाराचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

'सत्याचे प्रयोग'मध्ये हा किस्सा दोन-चार ओळींत उरकलाय, त्यामुळे बरेच जण तो वाचून पुढे जातात. मला मात्र तो फार इंटरेस्टिंग वाटतो. कारण गांधीजी तरुणपणी भयंकर लाजाळू होते, चारचौघांत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, हे आपण शाळेपासून ऐकलंय. पण आयुष्यात नोकरीसाठी दिलेल्या या मुलाखतीत ते अडखळले नाहीत, घाबरलेही नाहीत. नोकरी गेली ती कागदापायी. म्हणजे जिथे बोबडी वळायला हवी तिथे वळली नाही, आणि वळली ती भलत्याच ठिकाणी. हे असं का, हे बघायचं तर थोडं मागे जावं लागेल.

४ जुलै १८८८. राजकोटच्या आल्फ्रेड हायस्कूलमध्ये विलायतेला निघालेल्या माजी विद्यार्थ्याचा निरोप समारंभ. आभाराची चार वाक्यं कागदावर लिहून आणलेली. वाचायला उभा राहिला तर डोकं गरगरलं, सगळं अंग थरथरलं आणि ती चार वाक्यंसुद्धा धड वाचता आली नाहीत. लक्षात घ्या, समोर अनोळखी कुणीच नव्हतं. आपलीच शाळा, आपलेच मास्तर, आपलेच दोस्त.

लंडनमध्ये तर या गोष्टींची रांगच लागते. तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर त्यांची निवड झाली. सगळ्या बैठकांना हजर, पण तोंडाला कुलूप. डॉ. ओल्डफील्ड हे त्यांचे मित्र. ते एकदा म्हणाले की माझ्याशी तर छान बोलतोस, मग बैठकीत का गप्प? आणि त्यांनी चक्क आळशी नरमाशीची उपमा दिली. सगळ्या मधमाश्या राबताहेत आणि हा आपला बसून! गांधीजींना उपमेची गंमत वाटली, पण तोंड काही उघडलं नाही.

मग एक प्रसंग असा आला की गप्प बसणं त्यांना पटेना. मंडळाचे अध्यक्ष होते आर्नोल्ड हिल्स, थेम्स आयर्न वर्क्सचे मालक. (फुटबॉलवाल्यांसाठी: आजचा वेस्ट हॅम युनायटेड हा क्लब याच कारखान्याच्या १८९५ सालच्या टीममधून उभा राहिला.) मंडळातले एक सभासद डॉ. अ‍ॅलिन्सन हे संततिनियमनाचा प्रचार करत. हिल्ससाहेबांना ते अनैतिक वाटे, म्हणून त्यांना काढून टाकायचा ठराव आला. गांधीजींना डॉक्टरांची मतं पटत नव्हती. पण शाकाहाराच्या मंडळातून माणसाला दुसऱ्याच मतासाठी काढायचं, हेही पटत नव्हतं. बोलायची हिंमत नव्हती म्हणून म्हणणं लिहून नेलं. तेही वाचता येईना, तेव्हा अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं. म्हणजे ज्यांच्या विरुद्ध भाषण होतं त्यांनीच ते वाचायची सोय केली! डॉ. अ‍ॅलिन्सन हरले ते हरलेच. व्हेंटनॉर या गावी तर शाकाहारावरचं भाषण जेमतेम एक फुलस्केप पान होतं. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शेवटी बरोबरच्या मजमुदारांनी ते वाचलं.

जून १८९१ मध्ये परत निघताना त्यांनी हॉबर्न रेस्टॉरंटमध्ये मित्रांना जेवण दिलं. या वेळी तयारी म्हणून एक विनोद पाठ केला. अ‍ॅडिसन नावाच्या लेखकाचा किस्सा. पार्लमेंटमध्ये पहिल्यांदाच बोलायला उठला आणि 'मला वाटतं' एवढंच तीनदा म्हणून अडकला. तेव्हा एक खट्याळ सभासद म्हणाला की यांना तीनदा गर्भ राहिला पण बाहेर काहीच आलं नाही. (इंग्रजीत 'वाटणं' आणि 'गर्भ राहणं' यांना एकच शब्द आहे, म्हणून मजा.) हा किस्सा सांगून हशा मिळवायचा आणि मग पुढे सरकायचं असा बेत होता. पहिलं वाक्य बोलले आणि पुढचं सगळं डोक्यातून साफ. आल्याबद्दल आभार मानले आणि बसले. अडखळणाऱ्या वक्त्याचा किस्सा सांगता सांगता वक्ताच अडखळला!

आता मुंबई. गिरगावात बिऱ्हाड, पाऊण तास चालत हायकोर्टात जायचं, पाऊण तास चालत यायचं. पक्षकार नाही. दलालाला कमिशन दिल्याशिवाय केस मिळत नाही हे सगळ्यांनी सांगितलं. महिना तीन-चार हजार कमावणारा अमुक बॅरिस्टरसुद्धा देतो म्हणाले. यांचं उत्तर असं की मला त्याची बरोबरी कशाला करायची, ३०० मिळाले तरी बस्स, वडिलांनाही त्याहून जास्त मिळत नव्हते. (हा ३०० चा आकडा लक्षात ठेवा.) शेवटी स्मॉल कॉजेस कोर्टात ममीबाई नावाच्या बाईंची एक छोटी केस मिळाली. फी ३० रुपये. काम एका दिवसाचं. हे प्रतिवादीच्या बाजूने, म्हणजे वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. उठून उभे राहिले. पोटात गोळा, डोकं गरगरायला लागलं, कोर्टही बरोबर फिरतंय असं वाटलं. एक प्रश्न सुचेना. खाली बसले, एजंटला म्हणाले की मला जमणार नाही, पटेलांना द्या आणि फी परत घ्या. पटेलांनी ५१ रुपये घेऊन काम केलं. हे तिथून जे निघाले ते अशील जिंकलं की हरलं हेसुद्धा न विचारता. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत कोर्टाची पायरी चढले नाहीत.

हे वाचताना मला नेहमी त्या न्यायाधीशाचं चित्र दिसतं. हसला असेल. वकील तर नक्कीच हसले असणार. ३० रुपयांच्या केसमध्ये असा तमाशा रोज थोडाच बघायला मिळतो!

आणि हाच माणूस त्याच काळात मास्तरकीच्या मुलाखतीला उत्साहात जातो. का? माझं उत्तर साधं आहे. इंग्रजी शिकवणं आपल्याला येतं, याची त्यांना खात्री होती. ज्या विषयावर बोलायचं तो पोटात होता. उलटतपासणीत तसं काहीच नव्हतं. हिंदुस्थानातल्या कायद्यांचा अभ्यास त्यांनी नुकताच सुरू केला होता, कोर्टात केस चालवायचा अनुभव नव्हता, आणि साक्षीदार काय बोलेल त्यावर पुढचा प्रश्न जागच्या जागी सुचवायचा होता. बुजऱ्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच. अनोळखी लोकांपुढे, हातात काही नसताना, तिथल्या तिथे सुचणं.

गेली काही वर्षं मी ऑफिसात इंटरव्ह्यू पॅनेलवर बसतो, त्यामुळे हे दर महिन्याला बघतो. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की पोरं पांढरी पडतात. रूममधला एसी फुल असतो आणि यांच्या कपाळावर घाम. मग मी त्यांच्या प्रोजेक्टमधला एखादा किचकट भाग काढतो आणि व्हाइटबोर्डवर काढून दाखव म्हणतो. पाच मिनिटांत तोच पोरगा मार्कर हातात घेऊन मलाच सांगत असतो की सर, तुम्ही म्हणता तसं केलं तर डेटाबेस लॉक होईल. माणूस तोच, रूम तीच, छातीतली धडधडही बहुधा तीच. फरक एवढाच की आता नजर स्वतःवर नाही, बोर्डावर आहे.

बरं, समोर बसलेले आम्ही लोक तरी किती शहाणे? लंडन सोडण्याआधी गांधीजी फ्रेडरिक पिंकट नावाच्या एका गृहस्थांना भेटले होते. वकिली जमणार नाही ही धास्ती त्यांना सांगितली. पिंकट हसले. सगळ्यांनी फिरोजशहा मेहता व्हायची गरज नाही, प्रामाणिकपणा आणि कष्ट एवढ्यावर साधी वकिली चालते, असा त्यांचा सल्ला. उत्तम सल्ला. पण वकिलाला माणसं ओळखता आली पाहिजेत म्हणून त्यांनी जोडीला लाव्हाटरचं पुस्तक वाचायला सांगितलं. म्हणजे चेहऱ्यावरून स्वभाव ओळखायचं शास्त्र. गांधीजींनी ते घेतलं, वाचलं, आणि त्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

याच लाव्हाटरच्या नादाने ६० वर्षं आधी एक मोठा घोटाळा होता होता राहिला होता. १८३१ साली 'बीगल' जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने चार्ल्स डार्विनला जवळजवळ नापास केलं होतं. कारण काय, तर डार्विनचं नाक! असल्या नाकाच्या माणसात सफरीला लागणारा उत्साह आणि निश्चय असणार नाही, अशी कप्तानाला शंका आली. नशिबाने शंका मागे पडली. नाहीतर उत्क्रांतिवाद एका नाकापायी अडला असता.

नाकाचं शास्त्र मागे पडलं, तरी अंदाजपंचे चालूच राहिलं. हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२२ साली एक प्रयोग छापला. १२ अनुभवी सेल्स मॅनेजरांनी ५७ उमेदवारांच्या स्वतंत्रपणे मुलाखती घेऊन त्यांचे नंबर लावले. एकाच्या यादीत वर असलेला दुसऱ्याच्या यादीत पार तळाला, अशी अवस्था. आणि २०२२ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी भरतीच्या पद्धतींवरचे जुने अभ्यास पुन्हा तपासले. पुढे माणूस काम कसं करेल हे सांगण्यात पहिला नंबर आला तो आखीव मुलाखतीचा. म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, कामाशी संबंधित, मार्क द्यायची रीत आधी ठरलेली. गप्पा मारून 'फील' घेणाऱ्या मुलाखती खूप मागे राहिल्या. तेव्हा 'कॉन्फिडन्स कमी वाटला' असा शेरा मारून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, जरा दमानं.

असो. परत मुंबईला येऊ.

त्याच दिवसांत पोरबंदरचा एक गरीब मुसलमान त्यांच्याकडे आला. जमीन जप्त झाली होती, सरकारकडे अर्ज करायचा होता. पैसे नव्हते. गांधीजींनी फुकटात अर्ज लिहून दिला, मित्रांना वाचून दाखवला. मित्र म्हणाले झकास. तिथे त्यांना उमगलं की तोंड चालत नसेल, पण लेखणी चालते. सहा महिने मुंबईत काढून राजकोटला परतल्यावर त्यांनी हेच काम धरलं, अर्ज आणि निवेदनं लिहून देण्याचं. महिन्याची सरासरी कमाई किती झाली असेल? ३०० रुपये! आता यात सगळं कर्तृत्व लेखणीचं नव्हतं. कामं यायची ती थोरल्या भावाच्या वकील भागीदाराच्या ओळखीने, आणि मुंबईत ठामपणे नाकारलेलं कमिशनही इथे द्यावं लागलं. हे त्यांनी लपवलेलं नाही. पण घरखर्च निघायला लागला, आणि तोही एकदाही कोर्टात उभं न राहता.

दक्षिण आफ्रिकेची नोकरी मिळाली तीही वक्तृत्वावर नव्हे. पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला कंपनीचा तिकडे ४०,००० पौंडांचा दावा चालू होता, वकील नेमलेले होते. त्या वकिलांना केस समजावून सांगणारा, इंग्रजी पत्रव्यवहार बघणारा माणूस पाहिजे होता. भागीदार शेठ अब्दुल करीम झवेरी यांच्याशी भेट झाली. मुदत एक वर्ष, जाण्यायेण्याचं पहिल्या वर्गाचं भाडं, राहणं-खाणं आणि १०५ पौंड. गांधीजींना कळत होतं की हे बॅरिस्टर म्हणून नाही, कंपनीचा नोकर म्हणून जाणं आहे. घासाघीस न करता हो म्हणाले आणि एप्रिल १८९३ मध्ये निघाले.

केस सगळी हिशेबाची. यांना हिशेबातलं काही कळेना, प्रॉमिसरी नोट म्हणजे काय इथपासून सुरुवात. एक पुस्तक विकत आणलं, जमाखर्च शिकले आणि मग प्रिटोरियात त्या दाव्याचा कागदन् कागद पिंजून काढला. दोन्ही बाजूंची इतकी माहिती बहुधा दुसऱ्या कुणालाच नसावी. त्याच बळावर त्यांनी दोन्ही शेठजींना लवादाला राजी केलं. दादा अब्दुल्लांच्या बाजूने सुमारे ३७,००० पौंड आणि खर्चाचा निकाल लागला. मग हरलेल्या तय्यब शेठचं दिवाळं निघू नये म्हणून लांब मुदतीचे हप्तेही पाडून दिले. वकील म्हणून हे केवढं मोठं यश! त्यात कोर्टातलं भाषण कुठेच नाही.

आणि भाषण? तेही प्रिटोरियातच झालं. १८९३ साली हाजी मुहम्मद हाजी जूसब यांच्या घरी हिंदी व्यापाऱ्यांची सभा भरली. बहुतेक मेमन, थोडे हिंदू. धंद्यात सचोटी पाळता येते या विषयावर गांधीजी बोलले. तयारी करून गेले होते. हेच आपलं पहिलं जाहीर भाषण म्हणता येईल असं त्यांनी म्हटलंय. मुद्दे स्वतःचे, विषय जिव्हाळ्याचा, आणि समोरच्या लोकांना त्याची गरज. राजकोटला चार वाक्यं वाचता न आलेला माणूस पाच वर्षांनी इथे बोलतो. यात जादू वगैरे काही नाही. राजकोटला सांगण्यासारखं काही नव्हतं, फक्त आभार मानायचे होते!

त्या सभेत त्यांनी लोकांना इंग्रजी शिकायचा आग्रह केला. शिकवायला मी येतो, तुमच्या सवडीने येतो म्हणाले. तीन विद्यार्थी मिळाले. एक न्हावी, एक कारकून आणि एक किरकोळ दुकानदार. जवळजवळ आठ महिने हा बॅरिस्टर त्यांच्या जागी जाऊन फुकट इंग्रजी शिकवत होता. दोघं हिशेब ठेवण्याइतपत, धंद्याची पत्रं लिहिण्याइतपत शिकले. न्हाव्याला फक्त गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरतं हवं होतं, तेवढं त्याने घेतलं. कुणीही डिग्री विचारली नाही :)

आता इथे थांबलो तर गोष्ट छान गोड होते. लाजाळू मुलगा धीट झाला, टाळ्या. पण तसं झालेलं नाही, आणि मला वाटतं आपल्यासारख्यांच्या कामाचा भाग हाच आहे. बुजरेपणा गेलाच नाही. तो कुठे आडवा येतो एवढं फक्त बदललं.

२६ सप्टेंबर १८९६. तीन वर्षं दक्षिण आफ्रिकेत सभा गाजवून आलेले गांधीजी मुंबईत जाहीर सभेत बोलणार होते. अध्यक्ष दस्तुरखुद्द सर फिरोजशहा मेहता. गांधीजींचा बेत आयत्या वेळी उभं राहून बोलायचा. आदल्या दिवशी फिरोजशहांनी भाषण तयार आहे का विचारलं, आणि मुंबईत असं तोंडी चालणार नाही म्हणून लिहून मागितलं. रात्री ११ वाजता मुनशी पाठवून ते नेलं आणि सकाळच्या आत छापून घेतलं. दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरलेला. गांधीजी वाचायला उठले, हातपाय कापायला लागले. फिरोजशहा शेजारून धीर देत होते, मोठ्याने, अजून मोठ्याने. तसतसा आवाज आणखी खाली. जुने मित्र केशवराव देशपांडे मदतीला धावले आणि कागद हातात घेतला. आवाज खणखणीत होता, पण लोक ऐकेनात, 'वाच्छा, वाच्छा' असा गजर सुरू. शेवटी दिनशा वाच्छांनी उठून भाषण वाचलं. हॉल चिडीचूप, आणि योग्य जागी टाळ्या, योग्य जागी धिक्कार. सभा कमालीची यशस्वी झाली.

फिरोजशहांनी ते छापून घेतलं नसतं तर? तोंडी भाषण दुसऱ्याला वाचता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्याजाणत्या माणसाने बॅकअप घेऊन ठेवला होता. सर्व्हर पडला, पण सर्व्हिस चालू राहिली. लंडनमधला लाजिरवाणा उपाय इथे पद्धत म्हणून कामी आला.

पुढे आत्मकथेत त्यांनी लाजाळूपणावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि त्याला स्वतःची ढाल म्हटलं. बोलायला संकोच वाटायचा म्हणून शब्द मोजून वापरायची सवय लागली, असं त्यांचं म्हणणं. आणि अनोळखी सभेपुढे बोलायचा संकोच कधीच पुरता गेला नाही, हेही तिथेच. हे लिहिताना ते पन्नाशी ओलांडलेले, हजारोंच्या सभांत बोलून झालेले.

१९०१ ची कलकत्ता काँग्रेस. अध्यक्ष दिनशा वाच्छा, हो, तेच. दक्षिण आफ्रिकेवरचा ठराव गांधीजींनी मांडायचा, वेळ पाच मिनिटं. वाचून दाखवायचं नाही, बोलायचंच, असं ठरवून बसले होते. पण ऐन वेळी आफ्रिकेत कमावलेलं वक्तृत्व कुठे गेलं कुणास ठाऊक. डोकं पुन्हा गरगरायला लागलं. कसाबसा ठराव वाचला, थोडं बोलले, आणि वाच्छांनी घंटा वाजवली. आपली पाच मिनिटं झाली नाहीत हे त्यांना कळत होतं. आधीचे लोक अर्धा अर्धा तास बोलले तरी घंटा नव्हती. वाईट वाटलं आणि ते तसेच खाली बसले. ती घंटा 'आता दोन मिनिटांत आटपा' अशी सूचना होती, बसायची नव्हे. हे त्यांना माहीतच नव्हतं. ठराव पास झाला. तिथे सगळेच ठराव पास होत, सगळेच हात वर करत. तरीही काँग्रेसने तो पास केला, याचाच त्यांना आनंद झाला.